जनूचा न पडलेला कूड

जनू गेला, त्याचे दिवस झाल्यावर पेणला एका सभागृहात शोकसभा झाली. सभा जनूची, पण बोलला कमळाकर. चांगला पाऊण तास. त्यात जनूच्या वाट्याला चार मिनिटं आली, तीही "आमचा साधाभोळा पडद्यामागचा कलावंत" या नावानं. बाकीचा वेळ कमळाकर स्वतःच्या नाटकातल्या भिंतीवर बोलला. त्र्याऐंशी साली रोह्याच्या कामगार नाट्यस्पर्धेत त्यानं जे नाटक बसवलं होतं, त्याच्या शेवटी दोन भावांमधली भिंत पडत नाही. ती न पडणं म्हणजे म्हणे कुटुंबातल्या माणसांमधल्या दुराव्याचं प्रतीक, आणि ते सुचण्यासाठी त्यानं फार सोसलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही, इतकं ते प्रतीक भारी होतं.

मी खाली बसून दात खात होतो. त्या नाटकाचा प्रॉम्प्टर मी. मला दाजी म्हणतात. पेणजवळच्या गडब गावात राहतो, आणि रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात मी बत्तीस वर्षं लोकांची हजेरी लावली. त्या नाटकाची वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. शेवटच्या पानावर खुद्द कमळाकरच्या अक्षरात लिहिलंय, 'भिंत कोसळते. भाऊ मिठी मारतात. पडदा.' तेव्हा भिंत पडायची होती, ती पडली नाही, आणि का पडली नाही हे समोर ऐकूनही कमळाकरच्या डोक्यात आजतागायत शिरलेलं नाही. मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही.

जनू पेणच्या पश्चिमेकडच्या खाडीकाठच्या गावचा. तिकडची शेतं खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली असतात. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो म्हणून भात पिकतो, नाहीतर मीठ पिकलं असतं. उधाणाच्या दिवशी पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती भर दुपारी येते, आणि तेव्हा बांधावर पाळीनं माणूस लागतो. बांधाला कुठे उंदरानं, कुठे खेकड्यानं भोक पाडलेलं असतं. पाणी त्यातून झिरपायला लागलं की पेंढा आणि चिखल कोंबायचा, बस. वेळेवर कोंबला तर पोरसोर करील असं काम आहे. वेळ गेली की खांड पडते, म्हणजे बांधाला खिंडार पडून खाडी आत येते आणि शेत तीन-तीन वर्षं भात देत नाही. म्हणून तिथल्या माणसाचे हात भोक दिसलं की डोक्याला विचारायला थांबत नाहीत.

अशा गावात जनूला नाटकाचं वेड लागावं हा देवाचा विनोद होता. उंचीनं बेताचा, आवाजानं फाटका, चेहरा असा की आरशालाही लक्षात राहू नये. कोणी त्याला काम देईना. मग तो खुर्च्या उचलायला लागला, पडदे ओढायला लागला, खिळे ठोकायला लागला. नाटक पेणला असो की हमरापूरला, जनू सायकलवरून हजर. त्याचा थोरला भाऊ कान्हू म्हणायचा, "नाटकवाल्यांना दुसरा गाढव नाय मिळत काय?" कान्हू जनूपेक्षा आठ वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला तेव्हा कान्हूनंच जनूला वाढवला, म्हणून बोलायचा हक्क होता. शेताची वाटणी झाली तेव्हा बांधाला लागून असलेला धोक्याचा तुकडा कान्हूनं स्वतःकडे ठेवला आणि आतला जनूला दिला. हे जनूनंच मला सांगितलं, दहादा तरी.

एकोणसत्तरच्या नारळी पौर्णिमेला बांधावरची पाळी जनूची होती. त्याच दुपारी पेणला एका मुंबईच्या मंडळीचं नाटक होतं. जनूनं विचार केला, पंधरा वर्षांत बांध कुठे फुटलाय? विचार बरोबर होता, फक्त दिवस चुकला. तो तिकडे दुसऱ्या अंकाला बसला असताना इकडे खांड पडली. कान्हूनंच पहिल्यांदा आरडाओरडा करून गाव गोळा केलं. चाळीस माणसं चिखलात उतरली, पण पाणी आत गेलं ते गेलंच. त्यात सगळ्यात जास्त बुडालं ते कान्हूचं शेत. गावानं कान्हूची पाठ थोपटली, की पाळी नसताना हा माणूस बांधावर होता म्हणून निम्मं गाव तरी वाचलं. जनूला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

कान्हू मात्र जनूला काहीच बोलला नाही. म्हणजे त्या दिवशीच नाही असं नव्हे, पुढची चौदा वर्षं नाही. महिन्याभरात घराच्या मधोमध कूड उभा राहिला. कारवीच्या काठ्या आणि बांबूच्या कामट्या सुंभानं बांधायच्या आणि त्यावर शेणमाती लिंपायची, की झाला कूड. अलीकडे जनू आणि त्याची बायको चंद्रावती, पलीकडे कान्हू आणि सीताबाई. बायकांचं आपसात काही बिनसलेलं नव्हतं. त्या परसात एकमेकींच्या केसांत उवा बघत बसायच्या आणि नवरे आले की आपापल्या दारानं आत जायच्या.

आता गंमत ऐका. कूड असतो हातभर जाडीचा नव्हे, चार बोटांचा. पलीकडे कोणी कूस बदलली तरी अलीकडे कळतं. त्यामुळे भावांचा अबोला असा की त्यांच्याइतकं एकमेकांशी बोलणारे भाऊ मी पाहिले नाहीत. लेकी बोले सुने लागे, तसा कारभार. कान्हू गोठ्यातल्या बैलाला मोठ्यानं सांगायचा, "उद्या उधाण हाय रं, उघाडीच्या फळ्या कोनीतरी बघायला पायजेत." बैल काही बांधातल्या त्या पाण्याच्या दाराच्या फळ्या बघायला जात नसे. सकाळी जनू जायचा. जनूला ताप आला की तो चंद्रावतीला ओरडून सांगायचा, "मी काय आज उठत नाय गो!" आणि तासाभरात सीताबाई काढा घेऊन यायची, "मीच केला हो, यांनी नाय सांगितला," असं न विचारता सांगायची.

आणि कुडाची म्हणून एक रीत असते. पावसाळा संपला की दसऱ्याआधी तो पुन्हा लिंपावा लागतो, आणि दोन्ही अंगांनी एकाच वेळी. एका अंगानं लिंपला तर ओल एकीकडेच ओढते आणि सुकताना कूड पोट काढतो. म्हणून दर वर्षी जनू आपल्या बाजूनं कुडावर तीनदा थाप मारायचा. थोड्या वेळानं पलीकडून तीन थापा यायच्या. मग दोघे भाऊ समोरासमोर, मध्ये कूड, खालपासून वरपर्यंत लिंपत जायचे. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा थांबायचा. वर्षातला तेवढा एक दिवस ते दोघं मिळून काम करायचे, आणि कशासाठी, तर मधला कूड पडू नये यासाठी.

पंचाहत्तरला जनू आमच्या कंपनीत पॅकिंगला लागला. पेणहून सुटणारी कंपनीची गाडी मला गडबला उचलायची. जनू माझ्यासाठी शेजारच्या जागेवर टॉवेल टाकून ठेवायचा. या गाडीत आठ वर्षांत मला सगळी हकीकत कळली. जनूला एकच गोष्ट करायची राहिली होती. कान्हूला तोंडानं म्हणायचं होतं, "दादा, माझा चुकला." एवढंच. दर दसऱ्याला तो ठरवायचा, थाप मारली की बोलायचं. थाप मारायचा आणि लिंपायला लागायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, सरळ दारातून जा ना पलीकडे." तर म्हणाला, "त्याचा तोंड बघून मला नाय जमनार, दाजी. आन् त्यानं नाय म्हटला तर मंग काय करू?" कान्हूचे कान तेव्हा जायला लागले होते. बैलाशी बोलताना त्याचा आवाज वाढला होता. जनू म्हणायचा, "अजून दोन वर्सांनी मी बोललो तरी त्याला नाय आयकू यायचा."

अशात कमळाकरनं नाटक लिहिलं. कमळाकर आमच्या लॅबमध्ये केमिस्ट होता, दाढी ठेवायचा आणि चहा न ढवळता प्यायचा. नाटकाचं नाव त्यानं तीनदा बदललं, त्यामुळे मी ते सांगत नाही. दोन भाऊ, मध्ये भिंत. भिंत रंगमंचाच्या अगदी मधोमध, प्रेक्षकांना दोन्हीकडचं दिसेल अशी. पहिल्या अंकात भाऊ भांडतात, दुसऱ्यात गप्प बसतात, तिसऱ्यात धाकटा भिंत पाडतो आणि मिठी. ही कल्पना त्यानं जनूच्या घरावरून घेतली असं मी म्हणणार नाही. पण जनूच्या घरी तो आदल्या वर्षी गणपतीत वड्या खाऊन आला होता आणि नाटक त्याच दिवाळीत लिहून झालं होतं.

भिंत करायची जनूनं. कमळाकर म्हणाला, चौकटीवर कापड ठोकून रंगव. जनू म्हणाला, "कापडाची भिंत पोपट शिंकला तरी हालंल. मी कूडच करतो." पोपट म्हणजे धाकट्या भावाचं काम करणारा आमचा बॉयलरवाला. तो मूर्तिकारांच्या जोहे गावचा, घरी गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवायचा, म्हणून मेकअपही त्याच्याकडे दिला होता. परिणामी नाटकात सगळ्यांचे डोळे पूजेला बसल्यासारखे दिसत. थोरल्या भावाचं काम स्टोअरमधल्या मोरूकडे होतं.

कमळाकरला कूड पसंत पडला. "खरी माती! वा! पण तो पडला पाहिजे हं, जनू, एका धक्क्यात."

जनूनं विचारलं, "आन् पडल्यावर ते बोलनार काय?"

"काही नाही. मिठी मारणार. तिथे शब्द तोकडे पडतात."

गाडीत जनू घुश्शात होता. "चौदा वर्सांचा बोलायचा ऱ्हायलाय, आन् हा मिठी मारून पडदा टाकतो! पडदा पडल्यावर दुसऱ्या दिशी काय करनार ते? भिंत पन नाय, बोलना पन नाय."

तरी सांगितलेलं काम त्यानं चोख केलं. आपल्या अंगणात चौकट उभी करून कारवी बांधली. मधला दाराएवढा भाग वेगळा ठेवला आणि तो चार सुरगाठींनी अडकवला. गाठी कुडाच्या मागच्या अंगाला, त्यांची टोकं वरून बाहेर काढलेली. प्रयोगात त्या टोकांना दोरी बांधून जनू विंगेतून ओढणार, पोपट त्याच क्षणी धक्का देणार, आणि भिंत कोसळणार. रंगीत तालीम करता येत नव्हती, कारण मातीचा कूड पाडून बघितला की पुन्हा लिंपून सुकवायला चार दिवस.

चंद्रावतीला मागची बाजू लिंपायला सांगायची असं जनूनं ठरवलं होतं. ती विहिरीवर गेली होती. जनूनं पुढच्या बाजूला बसून माती कालवली, आणि हाताला चौदा वर्षांची सवय, त्यानं कुडावर तीनदा थाप मारली. घरचा कूड तर मागच्याच आठवड्यात लिंपून झाला होता. थाप मारल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. पण तोवर पलीकडून तीन थापा आल्या होत्या.

जनू मला म्हणाला, "मी वाकून बघितला नाय, दाजी. बघितला असता तर तो उठून गेला असता." दोघांनी मिळून नाटकाचा कूड लिंपला. ज्या नाटकापायी शेत गेलं, त्या नाटकाची अर्धी भिंत कान्हूनं उभी केली, तीही कोणी न सांगता. कान्हूनं आणखीही काहीतरी केलं होतं, पण ते जनूला दिसलं नाही, कारण ते त्या अंगाला होतं.

प्रयोग शनिवारी दुपारी तीनला होता. आदल्या दिवशी जनू घरात चंद्रावतीला ओरडून म्हणाला, "उद्या रोह्याला नाटक हाय गो! कोनाला यायचा आसल तर पेनवरून बाराला कंपनीची गाडी सुटल!" चंद्रावती त्याच्यापासून दोन हातांवर तांदूळ निवडत होती. पलीकडे कान्हू बैलाला म्हणाला, "आपल्याला काय करायचाय नाटक?" दुसऱ्या दिवशी पेणच्या स्टँडवर बारा वाजता धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून कान्हू उभा होता. जनू गाडीच्या पुढच्या दारानं चढला, कान्हू मागच्या.

पहिले दोन अंक बरे गेले. मोरू दोनदा अडला, मी सावरलं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी पोपट कुडाच्या अलीकडे, मोरू पलीकडे डोळ्यांत ग्लिसरीन घालून तयार. माझ्या विंगेत मी वही घेऊन, जनू दोरी घेऊन. पडद्याच्या दोरावर नाथा, माझ्या खुणेची वाट बघत. समोरच्या विंगेत कमळाकर स्वतःच रडायच्या बेतात.

पोपट गरजला, "आता ही भिंत नको!" आणि त्यानं धक्का दिला. जनूनं दोरी ओढली.

कूड जरासा कचकचला आणि उभा राहिला.

पोपटानं वाक्य पुन्हा म्हटलं आणि खांदा लावला. जनू दोरीला लोंबकळला. जितकी ओढावी तितकी ती घट्ट होत होती. जनू माझ्या कानात कुजबुजला, "दाजी, ह्या सुरगाठी नायत. कोनीतरी निरगाठी मारल्यात." त्या कोणी मारल्या ते सांगायची गरज नव्हती. तिसऱ्यांदा पोपट लांबून पळत आला आणि आपटला. बॉयलरवाला गडी, पण कूड हलला नाही. प्रेक्षकांत खसखस पिकली. पलीकडे मोरूचं ग्लिसरीन सुकत चाललं होतं. त्यानं धास्तावून माझ्याकडे बघितलं. वहीत पुढचं वाक्य नव्हतं. काय सांगणार कपाळ?

तेवढ्यात प्रेक्षकांतून कान्हू उठला. आपल्या हातचं काम कोणी असं खांद्यानं बडवतंय हे त्याला बसल्या जागी बघवेना. "आरं ए, थांब! कामट्या मोडतील! धक्क्यानं नाय सुटायचा तो!" असं म्हणत तो पायऱ्या चढून थेट रंगमंचावर आला, मोरूला बाजूला सारून कुडाच्या त्या अंगाला बसला, आणि नखांनी माती खरवडून गाठ शोधायला लागला. लोक हसले. त्यांना वाटलं हे नाटकातलंच आहे, गावचा म्हातारा. पोपट घाम पुसत माझ्या विंगेत आला. जनू दोरी हातात घेऊनच बाहेर गेला आणि अलीकडच्या अंगाला उभा राहिला.

"कोनी बांधलेल्या ह्या असल्या गाठी?" कान्हू कुडाशी बोलत होता. त्याचा आवाज चढा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "लिंपताना हाताला लागल्या, सैल. मी धडशा मारल्या म्हनून, नायतर भर सभेत कूड पडला असता!"

"पडायलाच पायजे व्हता, दादा," जनू ओरडून म्हणाला. "नाटकात तसा हाय."

कान्हूचा हात थांबला. चौदा वर्षांत जनूनं त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. सभागृहात हे दोघांनाच कळलं, आणि तिसऱ्या मला.

"मंग सांगायचास तरी," कान्हू म्हणाला.

"तुला कसा सांगनार?"

कान्हू पुन्हा माती खरवडायला लागला. नाथानं माझ्याकडे बघून पडद्याच्या दोराला हात घातला. समोरून कमळाकर दोन्ही हातांनी 'पाड, पडदा पाड' करत होता. मी नाथाचा हात धरला. आयुष्यात मी लेखकाचं ऐकलं नाही ते तेवढ्या एकदाच, आणि त्याचा मला अभिमान आहे.

जनूनं कपाळ कुडाला टेकवलं. त्याचा फाटका आवाज आणखी फाटला. "दादा, त्या नारळी पुनवेला पाळी माझी व्हती. मी नाटकाला गेलो. तुझा शेत माझ्यापायी गेला. माझा चुकला."

सभागृहात कोणी हसलं नाही. मला वाटलं कान्हूला ऐकू गेलं नाही. तो मातीकडे बघत बसला होता. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू सायकल काढलीस तवाच मला कळला व्हता तू जानार," तो म्हणाला. "तुझ्या मागनं मीच बांधावर गेलो. पानी झिरपायला लागला तवा मी थयच व्हतो. उभा व्हतो. हातात पेंढा पन व्हता."

जनूनं कपाळ कुडावरून उचललं.

"नाय कोंबला मी," कान्हू म्हणाला. "म्हटला, जाव दे थोडा पानी. जनूला जरा कळू दे. मंग कोंबू. मंग कोंबायला गेलो तर हातात येईना." त्यानं मांडीवरची टोपी उलटी केली. "गाव माझी पाठ थोपटत व्हता. तुला काय तोंडानं बोलनार व्हतो मी?"

चौदा वर्षं जनू समजत होता की भाऊ रागावलाय. मी वहीत बोट घालून तसाच उभा होतो. पलीकडे मोरू खरोखरीचा रडत होता, आणि ते वहीत नव्हतं.

जनूनं विचारलं, "केवढा व्हता भोक?"

कान्हूनं दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल केला, तांब्याच्या तोंडाएवढा. सगळ्या सभागृहाला तो दिसला. "एवढा," तो म्हणाला.

"केवढा? मला नाय दिसत."

कान्हू गुडघ्यावर हात टेकून उठला. बोटं पुन्हा तशीच जुळवली, आणि भोकाचं माप मोडू नये म्हणून ती छातीशी जपून धरत, कुडाला वळसा घालून तो जनूला दाखवायला अलीकडे आला.